सगळेच मालक झाले त्या सालचा तीळ

आवाज हीच तिची मिळकत. उंचीनं बेताची, रूपानं त्याहून बेताची, पण तोंड उघडलं की तीन आळ्यांपलीकडची म्हैस कान टवकारायची. गावात तिला पाठीमागे सगळे भोंगा म्हणत आणि समोर मुकादमीणबाई. पाठीमागचंही तिला ऐकू जायचं, कारण तिचे कान आवाजाइतकेच दांडगे होते. पण तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. उलट एखादा दिवस कुणी भोंगा म्हटल्याचं कानावर आलं नाही, तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मोठ्या मालकाच्या शेतावर ती मजुरांची मुकादमीण होती. आसपासची सगळी जमीन त्या एकाच मालकाची. गाव म्हणजे त्याच्या जमिनीत मोजायची राहून गेलेली काही घरं. सकाळी उजाडता उजाडता ती चौकात यायची. चौकाला दोन बाजू होत्या. एका बाजूला मोठं झाड, त्याच्या बुंध्याभोवती मजुरांनी बसायचं. समोरच्या बाजूला दगडी कठडा, तिथं ज्याला माणसं हवीत त्यानं उभं राहायचं. असा नियम कुणी केला नव्हता, पण कठड्याला नुसतं टेकायचीही कुणा मजुराची छाती नव्हती. भोंगा कठड्यापाशी उभी राहून एकेकाला हाक मारायची, झाडाखालून ‘आलो’, ‘आले’ अशी उत्तरं यायची, आणि ज्याचं उत्तर आलं तो ट्रॉलीत चढायचा. हात भरपूर आणि काम बेताचं, त्यामुळे मजुरी मालक म्हणेल ती. हातावर पोट असलेल्या माणसाच्या दिवसाचा निकाल त्या एका ‘आलो’वर लागायचा.

त्या झाडाखाली एक हळूबाई बसायची. एकटा जीव, विळा चालवायला लागली की शेजारचा दमून बघत राहायचा, पण आवाज मात्र मुंगीनं मुंगीशी बोलावं तेवढा. ती ‘आले’ म्हणायची, आणि ते झाडाच्या सावलीतच विरून जायचं. भोंगा एकदा हाक मारायची, दुसऱ्यांदा मारायची, मग आलेली दिसत नाही असं म्हणून पुढच्याला हाक द्यायची. आकस नव्हता, घाई होती. हळूबाई उठून घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

मग कायदा आला. एका माणसाकडे एवढी जमीन नको, जे कसतात त्यांना वाटून द्या, असं वर कुठंतरी ठरलं होतं म्हणे. गावानं विश्वास ठेवला नाही. टेपा घेऊन माणसं आली, खुंट्या ठोकल्या, तरी ठेवला नाही. मोठा मालक सामान भरून शहरात निघून गेला तेव्हा मात्र ठेवावाच लागला, आणि त्या दिवसापासून गाव जे चेकाळलं ते काही विचारू नका. एक म्हातारा आपल्या तुकड्यावर आडवा पडून कूस बदलत राहिला, कारण मालकाची झोप कशी लागते ते त्याला बघायचं होतं. एका नवराबायकोचं रानातल्या कुठल्या कोपऱ्यात जेवायला बसायचं यावरून भांडण झालं आणि दोघं दोन कोपऱ्यांत जेवले. मालकाचा ट्रॅक्टर चालवणारा ड्रायव्हर सगळ्यांच्या वरताण निघाला. त्यानं तुकड्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं. कुंपण नाही, भिंत नाही, चारी बाजूंनी गाईगुरं येताहेत जाताहेत, पण हा रोज कुलूप काढून फाटकातूनच आत जायचा आणि आत गेल्यावर फाटक लावून घ्यायचा.

भोंग्याच्या वाट्याला खालच्या अंगाचा तुकडा आला, हळूबाईच्या तुकड्याला लागून. भोंग्याचा नवरा दोर वळायचा. त्याचा एक गुडघा कधीचाच कामातून गेलेला, जीभ मात्र शाबूत. त्यानं घरातली खुर्ची रानाच्या मधोमध नेऊन ठेवली आणि डोळे मिटून बसला.

“अगं, हा वारा आपला,” तो म्हणाला.

वारा कुणाच्या मालकीचा नसतो, असं तिनं त्याला ठणकावलं. आपल्या जमिनीवरून जातोय तोवर तो आपलाच, असं त्याचं म्हणणं. ती हसली, आणि तिचं हसू शिवारभर गेलं.

त्याच आठवड्यात सगळे चौकात जमले आणि शपथ घेतली, की यापुढं परक्याच्या शेतात मजुरीला पाऊल टाकायचं नाही. शपथ सगळ्यांत मोठ्यानं कुणी घेतली हे सांगायलाच नको. घ्यायचीच होती तिला. जन्मभर तिनं दुसऱ्याचा तीळ सांभाळला होता, तो मातीत सांडू नये म्हणून माणसांवर ओरडून ओरडून घसा खरवडला होता, आणि त्यातला चिमूटभरही कधी तिचा नव्हता. आता स्वतःच्या रानातला, स्वतःच्या चादरीवर झाडलेला तीळ एकदा ओंजळीत धरायचा, एवढंच तिच्या मनात होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

आणि इथंच घोटाळा झाला. पेरणीचे दिवस आले. एका सकाळी भोंग्यानं मूठभर माती दाबून पाहिली, ओल जमून आली होती. ती अंगणातूनच घरातल्या नवऱ्याला म्हणाली, की उठा, आज तीळ पेरायचा. सांगत होती ती नवऱ्याला, ऐकलं मात्र अख्ख्या गावानं. आणि जन्मभर त्या आवाजासरशी उठलेली माणसं ती! कुणी विचार केला नाही की आता आपण मालक आहोत, मनाला येईल तेव्हा येईल ते पेरू. चुलीवरचा चहा तसाच टाकून सगळे पळाले आणि संध्याकाळपर्यंत गावच्या झाडून सगळ्या तुकड्यांत तीळ पडला. ड्रायव्हर तर दुसरंच बियाणं घेऊन आला होता. ते ठेवून त्यानं तीळ उसना मागून पेरला.

मोठा मालक कधी एका दिवशी सगळं पेरत नसे. आज हे रान, चार दिवसांनी ते, म्हणजे कापणीला तीच माणसं एका रानातून दुसऱ्या रानात सरकत जायची. पण ते त्याच्या डोक्यात असायचं. मजुराला फक्त आज कुठं जायचं एवढंच सांगितलेलं, मग त्याला कळणार कसं? तीळ तरारून आला, फुलला, बोंडांनी लगडला. जो तो दुसऱ्याच्या रानाकडं बघून खूश व्हायचा, कारण ते हुबेहूब आपल्यासारखंच दिसायचं. मग एके दिवशी सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं, की हे सगळं पिकणारही एकदमच.

आणि तिळाची तऱ्हा अशी, की बोंड वाळलं की ते आपोआप तोंड उघडतं. वेळेवर कापून, पेंढ्या बांधून, बोंडं वर ठेवून उभ्या केल्या तर तीळ आपला. चार दिवस उशीर झाला तर मुंग्यांचा. एका घराच्या दोन-तीन माणसांनी एक तुकडा कापायला घेतला, तर शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत नुसत्या काड्याच हाती लागायच्या. भोंग्याच्या घरी तर दोन माणसं आणि तीन गुडघे. रात्री अंथरुणावर तिनं नवऱ्याला विचारलं, की अहो, आपला तीळ हाताला लागेल ना? इतक्या हलक्या आवाजात ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली असेल, कारण शेजारी ऐकू गेलं नाही. तो म्हणाला, की त्यात काय एवढं, मालक आहेस, चौकात जा आणि मजूर घेऊन ये.

तिला ते पटलं. सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसली, पायात वहाणा घातल्या आणि मालकिणीच्या ऐटीत चौकात गेली. बघते तो काय, कठड्यापाशी पाय ठेवायला जागा नाही. अख्खं गाव मजूर न्यायला आलेलं. सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. कुणी छत्री आणली होती, कुणी मोठ्या मालकासारखे हात पाठीमागे बांधले होते. कठड्याला टेकायला मिळावं म्हणून ढकलाढकली चाललेली. जन्मात तिथं उभं राहायला मिळालं नव्हतं, मग आता हौस कोण सोडणार? आणि समोरच्या झाडाखाली एक शेळी.

सगळे त्या शेळीकडं बघत राहिले. तू राणी, मी राणी, मग पाणी कोण आणी? कुणीतरी उसन्या अवसानानं म्हणालं की येतील, अजून उजाडलंय कुठं. उन्हं डोक्यावर आली, शेळीसुद्धा निघून गेली. ड्रायव्हर फटफटी काढून शेजारच्या गावांतून मजूर आणायला गेला. तिथंही तोच कायदा, तोच तीळ. तो परत आला तो तोंड पाडून, कारण तिथल्या मालकांनी त्याला बघून लगेच गराडा घातला होता आणि कापणीला राहशील का, जेवून किती घेशील, असं विचारलं होतं. त्यानं ते सांगितलं आणि आधी एक जण फुसकन हसला, मग दुसरा, आणि मग सगळा कठडा पोट धरधरून हसायला लागला. हसता हसता एका म्हातारीनं डोळे पुसले, आणि ते पुसणं हसण्याचं नव्हतं हे भोंग्याला दिसलं.

तेव्हा भोंग्यानं एक केलं. ती कठडा सोडून निघाली, रस्ता ओलांडला, आणि ठेवणीतल्या लुगड्यानिशी झाडाखाली जाऊन बसली.

हसू बंद झालं. ड्रायव्हर सावरून पुढं आला. “मावशी, काय घेणार?” त्यानं मोठ्या मालकाच्या थाटात विचारलं.

“पैसा नको,” ती म्हणाली. “आज मी तुझ्या रानात. उद्या तू दुसऱ्याच्या, परवा सगळे तिसऱ्याच्या. ज्याचं रान पिकलं तिथं अख्खं गाव.”

कुणी कठडा सोडेना. शपथ आडवी येत होती. परक्याच्या बांधावर पुन्हा मुकादमाची बोलणी खायची म्हणजे कायद्यानं काय दिलं, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. भोंग्यानं ते वाचलं. तीस माणसांचे चेहरे वाचण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं.

“ज्याचं रान, तो त्या दिवसाचा मुकादम,” ती म्हणाली. “मी खाली वाकून कापणार. माझ्यावर काय ओरडायचं असेल ते ओरडून घ्या.”

हे ऐकलं मात्र, आणि कठड्यावर जे चैतन्य पसरलं! मुकादमीणबाईवर ओरडायचं? दिवसभर? आणि तिनं उलट बोलायचं नाही? अशी मजुरी कुठल्या बाजारात मिळते? ड्रायव्हर रस्ता ओलांडून झाडाखाली बसला, त्याच्यामागून म्हातारी, छत्रीवाला, हात पाठीमागे बांधलेला. बघता बघता कठडा मोकळा झाला आणि झाडाखाली दाटी झाली. आता झाडाखाली जागेवरून ढकलाढकली.

कुणाचं रान आधी, हे तीच ठरवणार, कारण त्यातलं तिला कळायचं. माती कुठं हलकी, कुठं भारी, त्यामुळे पिकण्यात थोडं मागंपुढं होतंच. प्रत्येक तुकड्यातली एक काडी ती हलवून बघायची, जिथं बोंड वाजलं ते रान आधी. तिचा आणि हळूबाईचा तुकडा खालच्या ओलीतला, अजून हिरवा, म्हणून तिनं दोन्ही शेवटी ठेवले. आपलं घोडं पुढं दामटायचा मोह झाला नाही असं नाही. झाला. पण काडी खोटं बोलत नव्हती.

मग सुरू झाली ती गंमत. ड्रायव्हरनं फाटकाचं कुलूप काढून एकेकाला आत घेतलं आणि बांधावर उभं राहून तोंडाचा पट्टा सोडला. पेंढी सरळ धर, बोंडं खाली गेली की तीळ मातीत! कंबर मोडली का? बोलायचं तोंडानं, हात कशाला थांबतो? भोंगा वाकून ऐकत होती आणि तिच्या ध्यानात आलं, की यातलं एकही वाक्य त्याचं नाही. सगळी तिचीच. इतकी वर्षं माणसांनी ती जपून ठेवली होती, स्वर आणि हेल यांच्यासकट. दुसऱ्या दिवशी म्हातारीची पाळी. तिनं आधी पदर खोचला, मग डोळे मिटले, आणि असं काही सुनावलं की सगळ्यांनी विळे टाकून टाळ्या वाजवल्या. त्याबद्दल म्हातारीनं त्यांनाही सुनावलं. छत्रीवाल्याला ओरडताना हसूच आवरेना, म्हणून त्यानं छत्री तोंडासमोर धरली.

भोंगा घामानं निथळायची. विळा हातात धरून तिला युगं झाली होती. ती ओळीत मागं पडायची आणि ती मागं पडली की रानभर आनंदीआनंद. संध्याकाळी नवरा तिची पाठ चोळून द्यायचा आणि विचारायचा, की आपल्या शेतावर मुकादम कोण, तू का मी? लग्न झाल्यापासून साठवलेलं आहे, असं तो म्हणायचा. तिला राग यायचा, पाठ दुखायची, आणि तरी पहाटे उठताना पाय हलके वाटायचे. काय होतंय आपल्याला, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. एके दिवशी पेंढी बांधता बांधता कळलं, की ओळीत सगळे बोलत असतात, हसत असतात, आणि ती कडेला उभी असायची तेव्हा हे सगळं थांबत होतं.

एकेक करत रानं रिकामी झाली, पेंढ्या उभ्या राहिल्या, आणि खालच्या अंगाचे दोनच तुकडे उरले. भोंग्याचा जीव आता थाऱ्यावर नव्हता. आणि नेमका वारा फिरला. दिवसभर गरम, कोरडा वारा सुटला. दुसऱ्या सकाळी तिनं रानात जाऊन आपली काडी हलवली, बोंड वाजलं. हळूबाईची हलवली, तेही वाजलं. वरच्या दोन-चार बोंडांनी तोंडं उघडलेली. वारा असाच राहिला तर आज एक रान, आणि उद्यापर्यंत दुसऱ्यात मुंग्यांची चंगळ.

चौकात सगळे तिच्याकडं बघत होते. नवराही काठी टेकत आला होता, दोरांचं भेंडोळं खांद्यावर टाकून. ‘आज आमचं’ म्हणाली असती तर कुणी ब्र काढला नसता. ड्रायव्हर तर म्हणालाही, की मावशी, आज तुमचंच धरू. तिच्या घशापर्यंत ‘हो’ आलं होतं. मग तिचं लक्ष झाडाखाली गेलं. तिथं हळूबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती, नेहमीसारखी.

“आज हळूबाईचं,” भोंगा म्हणाली आणि नवऱ्याकडं बघायचं तिनं टाळलं.

म्हणजे आजची मुकादमीण हळूबाई. ती उठली आणि रस्ता ओलांडून कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, पण काही ऐकू आलं नाही. झाडाखालची माणसं पुढं सरकली, खोकणाऱ्यानं खोकला दाबून धरला, म्हातारीनं कानाला हात लावला. मग ऐकू आलं.

“आधी अक्काच्या रानात,” ती भोंग्याकडं बघत म्हणाली. “मग माझं.”

ड्रायव्हर म्हणाला की असं कसं, आज रान तुझं, वाराही सुटलाय. हळूबाई त्याच्यावर ओरडली. म्हणजे तिच्या मानानं ओरडली, मांजराला हाकलतात तेवढ्या आवाजात.

“आजची मुकादमीण मी ना? मग मी सांगते तिकडं जायचं. माझं एकटीचं पोट. अक्काकडं दोघं, अन् त्यातल्या एकाचा गुडघा कामाचा नाही.”

गुडघेवाला पहिला हसला. मग सगळेच.

दोन्ही रानं त्याच दिवशी निघाली, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. गाव अक्षरशः पळत कापत होतं. गुडघेवाला बांधावर बसून दोर पुरवत होता आणि बायकोवर ओरडायची त्याची पाळी हळूबाईच्या हुकमानं बुडाली म्हणून कुरकुरत होता. थोडा तीळ सांडला, दोघींचाही. मुंग्यांनाही पोट असतंच.

पण सांगायचं आहे ते सकाळचं. हसू ओसरल्यावर हळूबाईनं एकेकाला हाक मारायला सुरुवात केली. मुकादमीण होती ती, आणि सकाळी हाका माराव्या लागतात. ड्रायव्हर ‘आलो’ म्हणाला आणि उठला. म्हातारी ‘आले’ म्हणाली आणि उठली. एकेक करत झाडाखालचे सगळे उठून चालू लागले. सावलीत एकटी भोंगा राहिली, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली.

“अक्का?” हळूबाईनं हाक मारली.

भोंग्यानं तोंड उघडलं. तिला किती सकाळी आठवत होत्या, कठड्यापाशी दोनदा हाक मारून पुढं गेलेल्या. ज्या आवाजानं म्हशी कान टवकारायच्या तो काही केल्या वर येईना.

“आले,” ती म्हणाली. पुढं चाललेल्या कुणालाही ते ऐकू गेलं नाही, शेजारी काठी टेकून उभ्या असलेल्या नवऱ्यालाही नाही.

हळूबाईला ऐकू गेलं. ती तिथंच थांबली, भोंगा उठेपर्यंत.